एकट्याने व्हिएतनाम: हनोई ते सायगॉन, दोन आठवडे, लाखाच्या आत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच एकट्याने परदेशात जायचं आहे, एकाहून जास्त शहरं बघायची आहेत आणि सगळा खर्च लाखाच्या आत बसवायचा आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणादाखल एकच मार्ग घेतला आहे: उत्तरेच्या हनोईपासून दक्षिणेच्या हो ची मिन्ह सिटीपर्यंत, म्हणजे जुन्या सायगॉनपर्यंत. एका रुपयाला साधारण ३०० डोंग (तिथलं चलन) असा हिशेब धरला आहे. भाडी आणि तिकिटांचे आकडे अंदाजे आहेत, निघण्याआधी एकदा ताडून घ्या.

व्हिएतनामच का? तेवढ्यात युरोप होणार नाही का?

लाखात युरोप ओढूनताणून होईलही, पण पहिल्याच एकट्या प्रवासाला तो ताण घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. शेंगेन व्हिसाचं शुल्कच ९० युरो आहे. शिवाय अपॉइंटमेंट मिळवा, बँकेची स्टेटमेंट जोडा, सगळ्या रात्रींचं बुकिंग आधी दाखवा. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, मुंबईहून हनोईला आणि सायगॉनला थेट विमानं आहेत आणि प्रवास जेमतेम पाच तासांचा.

त्याहून मोठं कारण नकाशात आहे. हा देश उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि बघण्यासारखी बहुतेक शहरं एकाच रेल्वेमार्गावर ओळीने आहेत. १९३६ मध्ये पूर्ण झालेला हा हनोई–सायगॉन मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. वरून खाली येत गेलात की कुठेच मागे वळावं लागत नाही. एकट्याच्या प्रवासात पैसा आणि दम हे दोन्ही सर्वांत जास्त खर्च होतात ते गाव बदलताना. म्हणून शहरांची यादी करण्याआधी प्रवासाची रेघ आखा. पुढची बहुतेक उत्तरं यावरच उभी आहेत.

दोन आठवड्यांत किती शहरं करावीत?

पाच मुक्काम. सहावा घालायचा मोह होईल, तो टाळा.

गाव बदलायचं म्हणजे सामान आवरणं, स्टेशन किंवा विमानतळ गाठणं, नव्या ठिकाणी खोली शोधणं. यात अर्धा दिवस सहज जातो. दोघं असली तर एक जण सामानापाशी थांबतो आणि दुसरा तिकीट बघतो, टॅक्सीचे पैसे निम्मे होतात. एकट्याला सगळं स्वतःच करायचं असतं, अगदी स्वच्छतागृहात जातानाही सॅक सोबत न्यावी लागते. चार-पाच वेळा हे निभतं. आठ वेळा केलंत तर दुसऱ्या आठवड्यात काही बघण्याची इच्छाच उरत नाही.

माझी वाटणी अशी आहे: हनोईत ३ रात्री, निन्ह बिन्हमध्ये २, एक रात्र रेल्वेत, मध्य व्हिएतनाममधल्या ह्वेमध्ये २ आणि होई आनमध्ये ३, शेवटी सायगॉनमध्ये २. एकूण १३ रात्री. निन्ह बिन्ह हनोईपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. बरेच लोक हनोईहून तिथे एका दिवसात जाऊन परत येतात आणि मग हनोईहून रात्रीची गाडी पकडतात. त्याची गरज नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या निन्ह बिन्हला थांबतात, त्यामुळे तिथूनच रात्री चढायचं आणि सकाळी ह्वेला उतरायचं. एक परतीची फेरी वाचते आणि एका रात्रीचं खोलीभाडंही.

हालाँग बे आणि सापा सोडायचं? सगळे तर तिथेच जा म्हणतात.

सापा या डोंगरातल्या गावासाठी तीन दिवस तरी हवेत आणि ते हनोईच्या वायव्येला आहे. म्हणजे जायचं आणि परत फिरायचं. दोन आठवड्यांत मी ते घेणार नाही. डोंगरच बघायचे असतील तर दक्षिण पूर्ण सोडून फक्त उत्तरेचा प्रवास आखा, तोही सुंदर होतो.

हालाँग या समुद्रातल्या सुळक्यांच्या उपसागरात एकट्याची अडचण वेगळी आहे. बोटीवरच्या मुक्कामाचे दर दोघांमागे ठरवलेले असतात आणि एकट्याने खोली घेतली की जास्तीचा आकार भरावा लागतो. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनमध्ये तसेच चुनखडीचे सुळके आहेत, खाली समुद्राऐवजी नदी आणि गुहा. तिथल्या वल्ह्याच्या होडीत चार प्रवासी बसवतात आणि तिकीट माणशी असतं, सुमारे अडीच लाख डोंग. एकट्याला इतर तिघांसोबत बसवून देतात. तीन तास होडी चालते आणि ती वल्हवणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात. उतरताना थोडी बक्षिसी जरूर द्या.

विमानाचं तिकीट परतीचं काढायचं की वेगवेगळं?

बुकिंग करताना ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय निवडा: जाताना मुंबई–हनोई, येताना सायगॉन–मुंबई. हनोईचंच परतीचं तिकीट हजार-दोन हजाराने स्वस्त दिसेल, पण सायगॉनहून परत हनोईला यायचं भाडं आणि एक दिवस त्यात मिळवून बघा. २५ ते ३२ हजारांत मिळालं तर बरं मिळालं म्हणायचं.

बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे दोन वेगळी तिकिटं जोडून काही पैसे वाचतात. पण पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर ते नुकसान तुमचं असतं, दुसरी कंपनी जबाबदार नसते. सामान मध्ये उतरवून घ्यावं लागलं तर त्या देशात प्रवेशाचे नियमही पाळावे लागतात. पहिल्या खेपेला थेट विमानच घ्या.

कोणत्या महिन्यात जावं? दिवाळीच्या सुट्टीत चालेल का?

आपल्याकडच्या बहुतेकांना सुट्टी मिळते ती दिवाळीत, आणि या मार्गासाठी नेमकी तीच वेळ वाईट आहे. आपला पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा सुरू होतो. सप्टेंबर ते डिसेंबर हे तिथले पावसाचे महिने, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोर मोठा. होई आनची जुनी वस्ती थू बोन नदीच्या काठावर आहे आणि रस्त्यात पाणी शिरणं तिथे नवं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्वे आणि होई आन दोन्हीकडे मोठा पूर आला होता. दिवाळीतच जायचं असेल तर ह्वे आणि होई आन गाळून हनोई आणि निन्ह बिन्ह निवांत करा, तिथे त्या दिवसांत हवा छान असते.

उत्तर, मध्य आणि दक्षिण हे तिन्ही भाग एकाच खेपेत करायला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ सगळ्यांत चांगला. हनोईत तेव्हा थोडं ढगाळ आणि रिमझिम असतं, पण चालायला त्रास होत नाही. मे महिन्यात उकाडा असतो, मात्र होई आन आणि शेजारच्या दा नांग शहराचा समुद्र शांत असतो.

दोन तारखा सांभाळा. तेत, म्हणजे तिथलं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो, गाड्या भरलेल्या असतात आणि लहान खानावळी बंद. दुसरी सुट्टी ३० एप्रिल आणि १ मे. आपल्या महाराष्ट्र दिनाला जोडून रजा टाकणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण तिथलेही सगळे लोक त्याच दोन दिवसांत समुद्राकडे निघतात.

ई-व्हिसा कसा काढायचा? एजंट लागतो का?

लागत नाही. ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. या प्रवासाला पहिला पुरतो. फक्त सरकारी संकेतस्थळावर भरा. त्याच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा असतो. शोध घेतला की अगदी तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं आधी वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

तीन कामाच्या दिवसांत मिळतो असं म्हणतात, तरी तीन आठवडे हाताशी ठेवा. नाव पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे वडिलांचं नाव कुणाच्या पासपोर्टावर असतं, कुणाच्या नसतं, आणि विमानाच्या तिकिटावर आणखी तिसरंच काही असतं. तिन्ही कागद समोर ठेवून जुळवा. प्रवेशाचं ठिकाण म्हणून हनोईचा नोई बाई विमानतळ निवडा. पासपोर्टाची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने तरी उरलेली असावी. आलेल्या व्हिसाची जन्मतारीख आणि क्रमांक तपासा, आणि त्याच्या दोन छापील प्रती सोबत घ्या.

एकूण खर्च नेमका किती धरायचा?

विमान २५ ते ३२ हजार. व्हिसा आणि विमा मिळून साडेतीन-चार हजार. राहणं हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा आकडा आहे: हॉस्टेलमधली एक खाट ५०० ते ८५० रुपयांत मिळते, लहान हॉटेल किंवा होमस्टेमधली स्वतंत्र खोली १,२०० ते २,००० रुपयांत. मी मिश्रण सुचवेन. हनोई आणि सायगॉनमध्ये खाट घ्या, कारण तिथे तसेही तुम्ही दिवसभर बाहेर असता आणि सोबतही मिळते. निन्ह बिन्ह आणि होई आनमध्ये स्वतंत्र खोली घ्या. एकूण १४ ते १८ हजार.

खाण्यापिण्याला रोजचे ८०० ते ९०० रुपये पुरेसे आहेत, कॉफीसह. देशांतर्गत प्रवास, म्हणजे रात्रीची रेल्वे, दा नांगहून सायगॉनचं विमान आणि शहरातल्या फेऱ्या, ९ ते ११ हजार. प्रवेश तिकिटं आणि सहली ८ ते १० हजार. वर आठ हजार अडीअडचणीला, आणि ते खरंच बाजूला ठेवायचे. बेरीज ऐंशी ते पंचाण्णव हजारांच्या दरम्यान येते.

कपात करायचीच झाली तर सहलींमध्ये करा. मुक्कामाच्या जागेत करू नका. स्टेशनपासून किंवा जुन्या वस्तीपासून लांब असलेली स्वस्त खोली रोजच्या टॅक्सीत महाग पडते आणि रात्री परतताना जीव टांगणीला लागतो.

परदेशी टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो विवरणपत्र भरताना कराच्या हिशेबात वळता होतो. तिकीट आणि हॉटेल सुटं सुटं स्वतः काढलं तर तो प्रश्न येत नाही.

पैसे कसे न्यायचे? यूपीआय चालेल?

यूपीआय धरून चालू नका. तीन ठिकाणी विभागून न्या: परकीय चलनावर आकार न घेणारं एक कार्ड, दुसऱ्या बँकेचं आणखी एक कार्ड सॅकच्या तळाशी आणि रोख दोनशे-तीनशे डॉलर. साध्या क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, वर त्यावर जीएसटी. डॉलरच्या नोटा नव्या, न चुरगळलेल्या मागून घ्या, फाटक्या किंवा शाई लागलेल्या तिथे नाकारतात. डोंग इथून नेऊ नका, तिथे एटीएममधून काढा. दर वेळी ठरावीक आकार असतो, म्हणून थोडं थोडं काढण्यापेक्षा एकदम काढलेलं बरं. रस्त्यावरच्या खानावळी आणि बाजार रोखीवरच चालतात.

शून्यांची सवय व्हायला एक-दोन दिवस जातात. शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीनने गुणा: ६०,००० डोंग म्हणजे ६० गुणिले सव्वातीन, साधारण २०० रुपये. आणि नोटा नीट बघून द्या. २० हजाराची आणि ५ लाखांची अशा दोन्ही नोटा निळ्या आहेत. संध्याकाळच्या उजेडात पंचवीसपट फरक हातून निसटतो. ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

चांगलं होईल, फक्त थोडी तयारी हवी. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतून आलेला शाकाहार आहे. पाटीवर ‘चाय’ असा उच्चार असलेला शब्द दिसला की ती शुद्ध शाकाहारी खानावळ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी एरवीच्या खानावळीतही तसे पदार्थ मिळतात. ह्वे हे जुनं राजधानीचं आणि विहारांचं शहर, तिथला शाकाहारी स्वयंपाक नामांकित आहे. मी तर म्हणेन की तुम्ही शाकाहारी असाल तर ह्वेमध्ये एक रात्र वाढवा.

खरी अडचण माशाच्या सॉसची. ‘नुऑक माम’ नावाचा हा सॉस भाजीच्या, टोफूच्या पदार्थातही सहज पडतो आणि तो मांसाहार आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. ‘फक्त भाज्या’ एवढं सांगून भागत नाही. ‘मी चाय खाते, मांस नको, मासे नकोत, माशाचा सॉस नको’ हे वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर तयार ठेवा आणि दाखवा. चाय खानावळीत गेलात तर हे काहीच सांगावं लागत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठीही विहाराजवळच्या चाय खानावळीच बऱ्या, कारण कडक बौद्ध स्वयंपाकात तेही वर्ज्य असतं. तरी विचारून घ्या.

सोबत मेतकूट, चटणी, झटपट पोहे-उपम्याची पाकिटं असावीत. लहान हॉटेलांतही पाणी उकळायची किटली बहुधा असते. रेल्वेच्या रात्रीसाठी हा खाऊ फार उपयोगी पडतो.

मुलीने एकटीने जावं का?

जावं. रस्त्यावर रात्री नऊ-दहापर्यंत वर्दळ असते, बायका दुकानं चालवत असतात आणि एकट्या मुलीकडे वळून वळून बघणं फारसं होत नाही. हा मोकळेपणा प्रत्येकीने एकदा तरी अनुभवावा असं मला वाटतं.

नियम एकच, पण तो मोडू नका: नव्या गावात उजेडी पोहोचायचं. पहाटे चारला कुठल्याशा नाक्यावर उतरवणाऱ्या रात्रीच्या स्लीपर बस मी याच कारणाने टाळते. विमानाची वेळ रात्रीचीच असेल तर त्या हॉटेलला आधी कळवून गाडी बोलावून घ्या, पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. हॉस्टेलमध्ये फक्त महिलांची डॉर्म असते, ती मागा. खोली निवडताना एकट्या बायकांनी लिहिलेले अलीकडचे अभिप्राय वाचा, एकूण गुणांपेक्षा त्यांतून जास्त कळतं.

टॅक्सीसाठी ग्रॅब हे ॲप वापरा. भाडं आधीच दिसतं आणि गाडीचा क्रमांक घरी पाठवता येतो. सायगॉनमध्ये दुचाकीवरून फोन हिसकावण्याचे प्रकार होतात. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत जाऊन बघा. पर्स रस्त्याच्या उलट्या खांद्यावर.

आई-बाबा तयार होत नाहीत. काय करू?

त्यांची भीती ‘परदेश’ या शब्दाची कमी असते. तू कुठे आहेस ते आम्हाला कळणार नाही, ही खरी भीती असते. ती कागदाने कमी होते. तारीखवार मुक्काम, प्रत्येक हॉटेलचा पत्ता आणि फोन, गाड्यांचे क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि हनोईचा भारतीय दूतावास व हो ची मिन्ह सिटीतलं वाणिज्य दूतावास यांचे नंबर असं एक पान छापून घरी फ्रिजवर लावा. रोज फोनची एक वेळ ठरवा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, तेव्हा त्यांचे साडेआठ म्हणजे तुमचे दहा. आणि ‘रेल्वेत रेंज नसेल, सकाळीच फोन येईल’ हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती एक रात्र घरात कुणी झोपणार नाही.

तिथे स्कूटर भाड्याने घेऊ का? इथे तर रोज चालवते.

भाड्याने सहज मिळते, परवानाही कुणी विचारत नाही. प्रश्न अपघात झाल्यावर येतो. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारानुसारचा मानतं. म्हणजे कायद्याने तुम्ही विनापरवाना ठरता आणि विमा कंपनी दावा नाकारू शकते. एकट्याने परक्या देशात हाड मोडून घेणं आणि खर्चही स्वतः करणं, ही जोखीम कशासाठी? ग्रॅबची दुचाकी मागे बसायला मिळते, हेल्मेट तेच देतात. निन्ह बिन्ह आणि होई आनमध्ये सायकल उत्तम, रस्ते सपाट आहेत.

ह्वेहून होई आनला कसं जायचं?

होई आनला रेल्वे स्टेशन नाही. ह्वेहून दा नांगपर्यंत रेल्वेने आणि तिथून ३० किलोमीटर टॅक्सीने. बसपेक्षा थोडा खटाटोप आहे, तरी रेल्वेच घ्या. शंभरेक किलोमीटरच्या या टप्प्यात गाडी हाय वान घाटातून समुद्राला लगटून जाते, झाडीतून खाली निर्मनुष्य किनारे दिसतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, खिडकी त्या बाजूची मागा. अडीच-तीन तास लागतात. २०२४ पासून या टप्प्यावर पर्यटकांसाठी खास गाडीही चालते.

रात्रीच्या टप्प्यासाठी चार खाटांचा मऊ गादीचा डबा घ्या, आपल्या टू-टियरसारखा. सहा खाटांचा डबा स्वस्त आहे पण वरच्या खाटेवर नीट बसताही येत नाही. तिकीट काही आठवडे आधी काढा. दा नांग ते सायगॉन मात्र ९३५ किलोमीटर आहे, रेल्वेने सोळा-सतरा तास जातात. तिथे विमान, दीड तासात. हातातल्या सामानाची सात किलोची मर्यादा काटेकोरपणे बघतात.

२०२५ च्या जुलैपासून होई आन प्रशासकीयदृष्ट्या दा नांग शहरात गेलं आहे, त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यावर दा नांग दिसेल. नकाशावर बिंदू नेमका कुठे आहे ते बघूनच बुकिंग करा.

मी सनची मंदिरं बघण्यासारखी आहेत का? कंबोडियातलं अंगकोर पाहिलं असेल तर?

अंगकोरच्या भव्यतेशी तुलना करू नका, इथलं आकर्षण वेगळं आहे. होई आनपासून तासाभरावर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चाम राजांनी, म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी, बांधलेली ही विटांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत बांधकाम चालू राहिलं. संस्कृत शिलालेख आहेत. विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही, त्या कशा जोडल्या यावर अभ्यासक अजून चर्चा करतात. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात इथलं सर्वांत मोठं मंदिर पडलं. बॉम्बचे खड्डे आजही मंदिरांच्या मध्ये दिसतात.

आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडच्या वर्षांत इथल्या काही मंदिरसमूहांची डागडुजी केली. २०२० मध्ये त्याच कामात वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मातीतून वर आलं. परक्या देशात, भाषा येत नसताना, समोर पिंडी आणि नंदी दिसतो तेव्हा मनात काय होतं ते सांगता येणार नाही.

सकाळी लवकरची फेरी घ्या, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. आणि क्रम असा ठेवा: ह्वेहून दा नांगला उतरल्यावर सॅकसकट आधी चाम शिल्पांच्या संग्रहालयात जा. मी सनची उत्तम शिल्पं तिथे हलवली आहेत. ती डोळ्यांसमोर असली की दुसऱ्या दिवशी मंदिरांच्या रिकाम्या भिंती रिकाम्या वाटत नाहीत.

एकटेपणा आला तर?

येतो, बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी, संध्याकाळी जेवताना. त्यासाठी मधल्या मुक्कामात चार लोकांत मिसळायला लावणारं काहीतरी आधीच ठरवून ठेवा. होई आनमध्ये स्वयंपाकाचे अर्ध्या दिवसाचे वर्ग असतात, शाकाहारीही. हनोईत इंग्रजीच्या सरावासाठी विद्यार्थी पाहुण्यांना मोफत शहर दाखवतात, त्यांच्यासोबत जा आणि जेवण तुम्ही द्या. एखादा दिवस काहीच न करता कॉफीच्या दुकानात बसून काढला तरी तो वाया गेला असं समजू नका.

फोन, ओटीपी आणि प्लग?

निघण्याआधी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, म्हणजे बँकेचे ओटीपी येतात. डेटा रोमिंग मात्र बंद. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घ्या. फोनमध्ये ती सोय नसेल तर विमानतळावर पासपोर्ट दाखवून साधं सिम मिळतं. आपला दोन गोल पिनांचा प्लग चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

विमा खरंच लागतो का?

व्हिसासाठी सक्तीचा नाही, तरी घ्या, आणि भारतातून निघण्याआधीच घ्या. किमान ५० हजार डॉलरचं वैद्यकीय संरक्षण असावं. आधीपासूनचं दुखणं लपवू नका, दुचाकीबद्दलचं कलम वाचा. एकट्याला रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर घरच्या एका माणसाला बोलावण्याचा खर्च मिळतो का, ते खास विचारा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५ आणि पोलिसांचा ११३.

सायगॉनला फक्त दोन रात्री पुरतील?

पुरतील. एक दिवस युद्धस्मृती संग्रहालय आणि पुनर्मीलन राजवाडा. ३० एप्रिल १९७५ ला रणगाडा याच राजवाड्याच्या फाटकातून आत घुसला आणि युद्ध संपलं. संग्रहालयातली छायाचित्रं फार जड जातात. एकट्याने गेलात तर त्यानंतर लगेच दुसरं काही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी कू चीची युद्धकाळातली भुयारं किंवा मेकाँग नदीची सहल, दोन्ही नको. बेन थान बाजारापासून पायी अंतरावर तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, तिथे स्थानिक व्हिएतनामी माणसंही उदबत्ती लावायला येतात.

उरलेल्या डोंगचं काय करायचं?

भारतात ते बदलून मिळणं कठीण. शेवटच्या दोन दिवसांत एटीएमला जाऊ नका, हाताशी आहे त्यातच भागवा. तरीही उरले तर सायगॉनच्या बाजारात कॉफी आणि काजू घ्या, विमानतळाच्या निम्म्या भावात मिळतात.